मतपेटीतील नाट्यपद

‘मराठी रंगभूमीवरील सर्वश्रेष्ठ नाट्यपद आपणच निवडा’ अशी जाहिरात करून पुण्यातील एका सांस्कृतिक संस्थेने डेक्कन परिसरातील सभागृहात नुकतीच जी तिकीट लावलेली मैफल केली, तिचे हे परीक्षण आहे. संस्थेचे आणि कलाकारांचे नाव मुद्दाम देत नाही. एक तर गाणारी मंडळी तरुण आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही गाण्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. दुसरे म्हणजे, पुढे जे दोष दाखवले आहेत ते या एका संस्थेपुरते नाहीत, नाट्यसंगीताच्या बहुतेक कार्यक्रमांना लागलेल्या सवयी आहेत. तिकीट खालच्या मजल्यावर पाचशे रुपये आणि बाल्कनीत तीनशे रुपये होते, ज्येष्ठ नागरिकांना सवलत होती, आणि प्रेक्षकांकडे पाहता सवलतीच्या दरानेच बहुतेक तिकिटे गेली असावीत.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो. कार्यक्रम दिलेल्या वेळेला सुरू झाला, दीपप्रज्वलन आणि सत्कार मिळून दहा मिनिटांत आटोपले, आणि प्रमुख पाहुण्यांनी भाषण केले नाही, या तीन गोष्टींसाठी आयोजकांचे मनापासून अभिनंदन करायला हवे. मध्यंतरातील बटाटेवडा गरम होता, कॉफी मात्र नुसती गोड होती. दुचाकी लावायला जागा मिळाली, चारचाकीवाल्यांचे काय झाले ते त्यांनाच ठाऊक. ध्वनिव्यवस्था पहिल्या दोन पदांपर्यंत तबल्याच्या बाजूने झुकलेली होती. मागच्या रांगेतून ‘शब्द ऐकू येत नाहीत’ अशी स्पष्ट पुणेरी सूचना आल्यावर ती सुधारली आणि नंतर शेवटपर्यंत चांगली राहिली.

साथीबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत हल्ली ऑर्गनऐवजी सर्रास इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आणून ठेवतात आणि त्यातील ऑर्गनचा आवाज लावून वेळ मारून नेतात. या आयोजकांनी खराखुरा, पायांनी भाता चालवायचा, लाकडी ऑर्गन आणला होता. पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, हवा बाहेर ढकलली जाते, तर या ऑर्गनमध्ये ती स्वरपट्ट्यांतून आत ओढली जाते, आणि त्यामुळे त्याचा स्वर पेटीसारखा टोचत नाही. तो गायकाच्या मागे भरून राहतो आणि श्वास घ्यायला गायक थांबला तरी पदाचे अंग उघडे पडू देत नाही. वादकाचे दोन्ही पाय अखंड चालू होते, मधूनच एखादी पट्टी खाली अडकून बसे आणि तो डाव्या हाताची करंगळी त्या पट्टीखाली घालून ती वर उचलत असे, उजवा हात मात्र गाण्याच्या मागोमाग चाललेला असे. माझ्या पुढच्या रांगेतील दोन शाळकरी मुले गायिकेकडे न पाहता त्या करंगळीकडेच पाहत होती. तबलजीनेही भान ठेवून वाजवले; पदाचा मुखडा सोडून भलत्या ठिकाणी लग्गी, म्हणजे जलद बोलांची लड, लावून टाळ्या मिळवण्याचा मोह त्याने आवरला.

प्रारंभी ‘संगीत शाकुंतला’तील ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही नांदी झाली. ती स्पर्धेत नव्हती, आणि ते योग्यच झाले, कारण नांदीला मत देणे म्हणजे देवाला गुण देण्यासारखे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात शाकुंतलाचे पहिले चार अंक सादर केले आणि संगीत नाटकाचा हा सगळा संसार तेथून उभा राहिला, हे निवेदिकेने नेमके सांगितले. त्यानंतर बारा पदे झाली. ‘सौभद्रा’तील ‘प्रिये पहा’ आणि ‘वद जाऊ कुणाला शरण’, ‘शारदे’तील ‘मूर्तिमंत भीति उभी’, ‘मानापमाना’तील ‘नाही मी बोलत नाथा’ आणि ‘शूरा मी वंदिले’, ‘स्वयंवरा’तील ‘नाथ हा माझा’. मध्यंतरानंतर ‘एकच प्याला’तील ‘कशि या त्यजू पदाला’, ‘रणदुंदुभी’तील ‘परवशता पाश दैवे’, ‘संन्यस्त खड्गा’तील ‘शतजन्म शोधिताना’, ‘कुलवधू’तील ‘बोला अमृत बोला’, ‘मत्स्यगंधे’तील ‘गुंतता हृदय हे’ आणि शेवटी ‘कट्यार काळजात घुसली’मधील ‘घेई छंद मकरंद’. प्रत्येकाला प्रवेशद्वारावर एक पिवळी चिठ्ठी दिली होती. तीवर एकाच पदाचे नाव लिहून शेवटच्या पदानंतर फिरणाऱ्या पेटीत टाकायचे होते.

या यादीवर पुण्यात वाद होणार नाही असे शक्यच नाही, आणि मध्यंतरात तो झालाच. ‘संशयकल्लोळा’तील एकही पद नाही, मास्तर दीनानाथांचे ‘रवि मी’ नाही, शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’तील काहीच नाही, अशा तक्रारी वड्याच्या रांगेत कानावर आल्या. बारा पदांत सगळे बसणार नाही हे मान्य केले, तरी एक गोष्ट खटकली आणि ती कोणी बोलून दाखवली नाही. या बारांत हसवणारे पद एकही नव्हते. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’तून एक पद घ्यायचे तर ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ हे सोडून कसे चालेल? पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाशी शारदेचे लग्न ठरू घातले आहे आणि तिच्या मैत्रिणी नवऱ्या मुलाचे रूप वर्णन करतात: ‘दंताजीचे ठाणे उठले, फुटले दोन्ही कान’. प्रेक्षागृह हसते, आणि हसता हसता ज्या मुलीच्या वाट्याला हा नवरा येणार ती समोर उभी आहे, हे त्याच प्रेक्षागृहाच्या लक्षात येते. 1899 मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने बाला-जरठ विवाहाविरुद्ध जे काम केले, त्यातील मोठा वाटा या थट्टेच्या पदाचा आहे असे मला वाटते. परंतु त्यात तानेला जागा नाही, आलापाला जागा नाही, राग सांगून डोलावे असेही काही नाही. म्हणून ते मैफलीत येत नाही, आणि मैफलीत येत नाही म्हणून ‘सर्वश्रेष्ठ’च्या यादीत बसत नाही.

येथेच या कार्यक्रमाचा मूळ दोष आहे. श्रेष्ठ नाट्यपद निवडायचे तर ते कोणत्या नाटकात, कोणत्या पात्राच्या तोंडी, कोणत्या क्षणी येते, हे ऐकणाऱ्यासमोर असले पाहिजे. हाती दिलेल्या पत्रकात प्रत्येक पदापुढे त्या संध्याकाळी ते गाणाऱ्याचे नाव होते, पूर्वी ते गाजवणाऱ्या नटाचे नाव होते, रागही होता. नाटककाराचे नाव दोनच ठिकाणी होते आणि पात्राचे नाव एकाही ठिकाणी नव्हते. निवेदनही त्याच वळणाचे होते. ‘नाही मी बोलत नाथा’च्या आधी निवेदिकेने 12 मार्च 1911 चा तो प्रसिद्ध प्रसंग सांगितला: ‘मानापमाना’चा मुंबईतील पहिला प्रयोग, त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचे निधन, आणि तरीही रंगून उभे राहिलेले बालगंधर्व. प्रसंग खरा आहे आणि कितीदा ऐकला तरी अंगावर काटा आणतो. मात्र तो सांगण्यात पाच मिनिटे गेली आणि नाटकाची नायिका भामिनी कोण, ती कोणावर रुसली आहे आणि का, यावर एक वाक्यही खर्ची पडले नाही. नटाच्या दुःखावर डोळे पुसून झाल्यावर लगेच नायिकेचा लटका रुसवा ऐकायचा, ही कसरत प्रेक्षकांनी बिनतक्रार केली, याचे मला राहून राहून नवल वाटते.

पद श्रेष्ठ की नाही हे ठरवण्याची माझी कसोटी साधी आहे. ते पद नाटकातून काढून टाकावे आणि नाटक अडते का ते पाहावे. कसोटी कडक आहे आणि ती लावली की आपली लाडकी पदे पटापट गळतात. ‘प्रिये पहा’चेच उदाहरण घ्या. रात्र सरत आली आहे, पहाट होते आहे, कृष्ण रुक्मिणीला ते दाखवतो आहे. देशकारातील ती सुरावट कानावर पडली की सभागृहात खरोखरच उजाडल्यासारखे वाटते, आणि छोटा गंधर्वांनी तर या पदावर आपली मुद्रा अशी उमटवली की आजही गाणारा त्यांच्या वाटेने गेल्यावाचून राहत नाही. तरीही ते पद गाळले तर सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी लावायचे बलरामाने ठरवले आहे आणि कृष्णाला ते मोडायचे आहे, या कथेला काडीचाही धक्का लागत नाही. ते नाटकाचे लेणे आहे. याउलट ‘वद जाऊ कुणाला शरण’ काढा. सुभद्रेला आपले संकट सांगायला मग जागाच उरत नाही. ती राजकन्या आहे, भाऊ तिचा शत्रू नाही, घर तिचे आहे, आणि तरी त्या घरात शरण जावे असे कोणी नाही, हे पदातून जितके पोहोचते तितके आजूबाजूच्या गद्य संवादांतून पोहोचत नाही. त्या संध्याकाळी ते गाणाऱ्या मुलीने ‘शरण’ आणि ‘चरण’ या यमकांवर थांबून टाळी मागितली नाही, सरळ पुढे गेली, आणि त्यामुळे प्रश्न प्रश्नच राहिला.

‘स्वयंवरा’तील ‘नाथ हा माझा’ या कसोटीवर कोठे बसते, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. 1916 मध्ये आलेल्या या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना करणाऱ्या या गवयाने ख्यालाच्या बंदिशी जशाच्या तशा न उचलता रुक्मिणीच्या तोंडी शोभतील इतक्या मऊ करून बसवल्या, आणि त्यामुळे यमन, भूप, भीमपलास हे राग ज्यांना गाण्याचा गंधही नव्हता अशा घरांत ‘नाथ हा माझा’, ‘सुजन कसा मन चोरी’, ‘स्वकुलतारक सुता’ या नावांनी ओळखले जाऊ लागले. एवढे मोठे काम करणाऱ्या पदांना ‘नाटक अडते का’ असे विचारणे उद्धटपणाचे वाटेल. पण प्रश्न श्रेष्ठ नाट्यपदाचा आहे, श्रेष्ठ यमनाचा नाही. मतदानात हे पद दुसरे आले. ते गाणाऱ्या गायिकेने यमन अतिशय शुद्ध आणि भरदार मांडला. रुक्मिणी मात्र दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत आली आणि नंतर दिसली नाही.

‘परवशता पाश दैवे ज्याच्या गळा लागला’ आणि ‘शतजन्म शोधिताना’ या दोन पदांना सभागृहाने कडाडून दाद दिली. वीर वामनराव जोशींचे ‘रणदुंदुभी’ 1927 चे आणि सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ 1931 चे. दोन्हींत मास्तर दीनानाथांचा तो उसळता, धारदार गळा. ब्रिटिश अमलात, भरल्या प्रेक्षागृहासमोर, परवशतेच्या फासाबद्दल उघड गाणे म्हणणे हीच त्या पदाची नाट्यपूर्णता होती. आज ती दोन्ही नाटके सहसा होत नाहीत, पदे मात्र प्रत्येक मैफलीत होतात. माझी कसोटी येथे लंगडी पडते, कारण नाटक अडते की नाही हे पाहायला नाटकच समोर उरलेले नाही. गायकाने ‘शतजन्म’ वरच्या पट्टीत घेतले होते आणि शेवटी शेवटी त्याला ते झेपेनासे झाले, पण ‘शत सूर्यमालिकांच्या’ या ओळीवरची फेक पहिल्या दोन्ही वेळा इतकी अचूक होती की तिसऱ्या वेळी थोडे कमी पडले तर कोणी मनावर घेऊ नये.

‘शूरा मी वंदिले’, ‘बोला अमृत बोला’ आणि ‘गुंतता हृदय हे’ ही पदे ठीक झाली. ‘बोला अमृत बोला’ला माझ्यामागच्या दोन आजी धरून पूर्ण वेळ गात होत्या आणि त्यांचे शब्द गायिकेपेक्षा स्पष्ट होते.

आता ‘घेई छंद मकरंद’. हे पद पहिले आले, आणि पेटी फिरण्याआधी शेवटचे तेच झाले असल्याने ते पहिले येणार हे मध्यंतरातच कोणीही सांगितले असते. कानात ताजे असलेले, द्रुत लयीत संपणारे, तानांनी भरलेले पद आणि लगेच हातात पेन्सिल. यादीतील कोणतेही पद त्या जागी ठेवले असते तरी त्याची मते वाढली असती. पण माझा आक्षेप क्रमापेक्षा मोठा आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार’मध्ये, 1967 साली, जितेंद्र अभिषेकींनी या एकाच शब्दरचनेला नाटकातील दोन प्रतिस्पर्धी गवयांसाठी दोन चाली दिल्या. एक पंडित भानुशंकरांची, सालगवराळी रागातील, शांत, आतल्या आत उमलत जाणारी. दुसरी खाँसाहेबांची, धानी रागातील, चपळ, समोरच्याला आव्हान देणारी. शब्द तेच, भुंगा तोच, मकरंद तोच, आणि तरी दोन घराणी, दोन स्वभाव आणि गाणे कशासाठी गायचे याची दोन उत्तरे समोरासमोर उभी राहतात. या नाटकाचा सगळा झगडा या दोन चालींच्या मध्ये आहे. एक चाल काढली की दुसरी उत्तम मैफलीची चीज होते, नाट्यपद राहत नाही. कार्यक्रमात फक्त खाँसाहेबांची चाल झाली, वसंतराव देशपांडे यांच्या ढंगाने आणि जबरदस्त तयारीने झाली, लोक उभे राहिले. म्हणजे विजयी पद अर्धेच गायले गेले होते, आणि त्यातील नाटकाचा भाग जो होता तोच गाळलेल्या अर्ध्यात होता. त्याच नाटकातील ‘या भवनातील गीत पुराणे’ घेतले असते तरी चालले असते; हरलेल्या पंडिताच्या हवेलीत जिंकलेला गवई पाऊल टाकतो आणि तेथील जुने सूरच घालवून द्यायला निघतो, याला आगापीछा सांगायला दोन वाक्ये पुरली असती.

माझी चिठ्ठी ‘कशि या त्यजू पदाला’च्या नावाची होती. निकालात पहिल्या तिघांत ते नव्हते आणि पुढचे क्रमांक जाहीर झाले नाहीत, त्यामुळे माझ्याखेरीज आणखी किती चिठ्ठ्या त्या नावाच्या होत्या ते कळायला मार्ग नाही. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले 20 फेब्रुवारी 1919 रोजी, बडोद्यात, गंधर्व नाटक मंडळीकडून. त्याआधी महिनाही झाला नव्हता तोच, 23 जानेवारीला, राम गणेश गडकरी गेले होते. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली, आणि काही चाली बालगंधर्वांनी सुंदराबाई जाधव यांच्याकडून घेतल्या. एकाचे नाटक, दुसऱ्याची पदे, बैठकीत गाणाऱ्या बाईची चाल आणि स्त्रीभूमिकेतील पुरुषाचा गळा. इतक्या हातांतून गेलेले पद एका पात्राच्या तोंडी इतके एकजीव बसावे, हे मला आजही उलगडत नाही.

प्रसंग असा आहे की सुधाकर दारूच्या पुरता आहारी गेला आहे, घर बुडाले आहे, आणि माहेरची माणसे त्याच्या बायकोला, सिंधूला, न्यायला आली आहेत. तिने हो म्हटले तर नाटक तेथेच संपते. ती नाही म्हणते म्हणून पुढचा सगळा सर्वनाश घडतो. हा नकार ती गद्यात देत नाही, पदात देते. आणि पद रडके नाही. ते युक्तिवादासारखे रचलेले आहे: हे पाय जेथे आहेत तेथे माझा स्वर्ग, स्वर्गात हे पाय नसतील तर तो मला नरक, आणि पतीसह घोर नरक मिळाला तरी तोच स्वर्ग. चाल ठुमरीच्या अंगाची, मऊ, लडिवाळ. शब्द मात्र मागे न हटणारे. बोलायला आलेल्या माणसांना या पदानंतर बोलायला काही उरत नाही. पद काढून टाका, आणि सिंधू का गेली नाही हे नाटकाला सांगताच येणार नाही.

ते गाणारी मुलगी पंचविशीच्या आतबाहेरची असावी. आधीच्या सहाही पदांच्या गायकांनी मुखडा येताच प्रेक्षकांकडे पाहिले होते. हिने ‘पदाला’ म्हणताना नजर खाली, साधारण तीन-चार फुटांवर ठेवली, जेथे सुधाकर बसलेला असायचा. ‘नरकही घोर’ला तिने आवाज वाढवण्याऐवजी कमी केला आणि ऑर्गनवाल्याने तो ओळखून जवळजवळ एकच स्वर धरून ठेवला. मुरकी घेण्याच्या जागा तिने बहुतेक सोडून दिल्या. त्या शांततेत माझ्या शेजारच्या खुर्चीवरील बाई, साठीच्या असतील, स्वतःशी म्हणाव्यात पण दोन रांगांना ऐकू जावे अशा आवाजात म्हणाल्या, ‘अगं, जा ना बाई माहेरी!’ आजूबाजूला हसू फुटले. गायिकेलाही ते ऐकू गेले असावे, पण तिने डोळे वर केले नाहीत.

माझ्या मते त्या संध्याकाळची सर्वांत खरी दाद ती होती. बारा पदांत अकरा पदांना लोक ‘वा’ म्हणाले; एका पदातील पात्राशी कोणीतरी भांडायला उठले. पतीच्या पायांशी नरक पत्करणारी सिंधू आजच्या बाईला पटणार नाही, पटूही नये, आणि गडकऱ्यांच्या काळीही सगळ्यांना ती पटली असेल असे समजण्याचे कारण नाही. परंतु न पटणारे म्हणणे इतके पटवून मांडणे, की शंभर वर्षांनी ऐकणाऱ्याला त्याचा प्रतिवाद करावासा वाटावा, हे काम सुरेल असण्याच्या बरेच पुढचे आहे. या पदाला वन्समोअर देणे मला नेहमी विचित्र वाटत आले आहे. गंधर्वांच्या काळी ते पडत आणि पद पुन्हा गायले जाई. पण एकदा दिलेला नकार पुन्हा दिला की त्यातील निश्चय निघून जातो. येथे वन्समोअर पडला नाही, हे त्या मुलीच्या गाण्याचे यश मी मानतो.

यादीबद्दल आणखी एक मुद्दा, जो पुण्यात तरी सुटायला नको होता. 1967 नंतर मराठी रंगभूमीवर पदे लिहिलीच गेली नाहीत, अशा समजुतीने ही निवड झालेली दिसते. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्याच भरत नाट्य मंदिरात प्रथम झाले. ओळीने उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची भिंत, त्यांचे नाचत गात हलणे, कीर्तन, लावणी, अभंग यांची भास्कर चंदावरकरांनी केलेली गुंफण. यातील गाणे काढले तर नाटक अडत नाही, कोसळते. आनंदोद्भवमध्ये किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी, कीर्तनाच्या चाली घेऊन जे केले, त्याच्याशी याचे नाते ख्यालाच्या वाटेने गेलेल्या मधल्या पदांपेक्षाही जवळचे आहे असे मला वाटते. अडचण एवढीच की ‘घाशीरामा’तील गाणे समूहाचे आहे, त्यातून एक गायक, एक तंबोरा आणि एक माइक यांच्यासाठी सुटे पद काढता येत नाही. जे सुटे काढता येत नाही ते श्रेष्ठ म्हणून निवडता येत नाही, असा हा उलटा न्याय आहे.

आयोजकांनी निकालानंतर अभिप्रायासाठी वही ठेवली होती आणि तीत मी चार सूचना लिहिल्या आहेत. प्रत्येक पदाआधी नटाचा किस्सा नसला तरी चालेल, पण प्रसंगातील दोन-तीन संवाद कोणीतरी वाचावेत. पुण्यात हौशी नट कमी नाहीत. पत्रकात पात्राचे आणि पदकर्त्याचे नाव छापावे, गुर्जरांना निदान एका ओळीचा मान मिळेल. ‘कट्यार’चे पद घ्यायचे तर दोन्ही चाली घ्याव्यात, मग एक पद कमी झाले तरी हरकत नाही. आणि पेटी शेवटच्या टाळ्यांच्या गडबडीत न फिरवता चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशीपर्यंत कार्यालयात स्वीकाराव्यात. वहीत माझ्या आधीच्या गृहस्थांनी ‘एसी फार थंड’ एवढेच लिहिले होते, आणि तेही खरे होते.

गायन आणि साथ यांना मी पाचपैकी साडेचार गुण देईन, संयोजनाला चार, आणि निवड व मांडणीला दोन. पाचशे रुपये वाया गेले असे मुळीच वाटले नाही; एवढ्या तयारीचे गायक आणि चालू स्थितीतील ऑर्गन एका मंचावर हल्ली सहज मिळत नाहीत. यापुढची मैफल केवळ साठीच्या दशकातील पदांची, म्हणजे मुख्यतः अभिषेकी आणि वसंत देसाई यांच्या चालींची, असेल असे जाहीर झाले आहे. जाणाऱ्यांनी बाल्कनीचे तिकीट दोनशे रुपयांनी स्वस्त आहे म्हणून घेऊ नये, वर शब्द पोहोचत नाहीत असे तेथून उतरलेल्या अनेकांनी सांगितले. खालचे घ्यावे, आणि जमल्यास मंचाच्या डाव्या हाताचे, कारण ऑर्गन त्या बाजूला असतो.